पंचमीला कोण आलं होतं?

त्या उन्हाळ्यात पंचफुला गजभारेचं डोकं रोज पहिल्या चहाच्या आतच फिरायचं. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुना होता, आणि सुखमाता प्रकल्पाच्या पत्र्याच्या कचेरीत बसून ती एकटी बाई सगळ्यांना एकच गोष्ट समजावत होती, की गावात जन्म कमी नोंदले गेले म्हणजे गावातल्या बायांना लेकरं कमी झाली असं होत नाही. ऐकणारे मान डोलवायचे. मान डोलवून झाली की पुन्हा पहिलंच बोलायला लागायचे.

प्रकल्पाचं काम तसं साधं होतं. आडबाजूच्या खेड्यांत केंद्रं उघडायची, एकेक नर्स बसवायची, आणि बाळंतपणात बाई किंवा मूल दगावणार नाही हे पाहायचं. नर्स थोड्या आणि गावं फार, म्हणून कुठं नर्स ठेवायची आणि कुठली उचलायची हे ठरवण्यासाठी एक सांख्यिकी अधिकारी नेमलेली होती. तीच ही पंचफुला. मूळची हदगावची, औरंगाबादेत संख्याशास्त्र शिकलेली, नवरा साहेबराव लातुरातच शाळेवर मास्तर. तिचं हे पहिलंच बाळंतपण, आणि पोट आता टेबलाला टेकायला लागलं होतं.

तिनं एक गणित बसवलं होतं. गावात लग्न झालेल्या बाया किती, त्यांची वयं काय, लग्न कितव्या वर्षी झालं, दोन लेकरांत अंतर किती पडतं, हे सगळं घातलं की पुढच्या वर्षी त्या गावात साधारण किती बाळंतपणं होतील याचा अंदाज निघायचा. कागदोपत्री त्याला मॉडेल म्हणत. हेडक्लार्क रामकिशन त्याला ‘बाईंचं पंचांग’ म्हणायचा, आणि कुणी नवा माणूस आला की मुद्दाम तिच्या देखत म्हणायचा. पण पहिली दोन वर्षं गणित छान जुळलं होतं. देवणीच्या बाजारात जाणता माणूस दात बघून गाईचं वय सांगतो आणि चुकला तर वर्षा-सहा महिन्यांनी चुकतो, तेवढाच फरक पडत होता.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मात्र ते पार फिसकटलं. देवणीच्या बाजूला माळावर जी गावं आहेत, त्यांत हुलगेवाडी सगळ्यांत पुढे. गणितानं सांगितली होती त्याच्या निम्मीसुद्धा बाळंतपणं तिथल्या केंद्रावर झाली नाहीत. पंचफुला काळजीत पडली आणि प्रकल्पप्रमुख डॉ. गुरुपादप्पा बिराजदार आनंदात. कुटुंबनियोजनाचा प्रचार माळावर रुजला, असं त्यांनी मुंबईच्या मुख्य कचेरीला कळवूनही टाकलं. तिनं विचारलं की प्रचाराला तिथं गेलं कोण होतं, तर म्हणाले, भिंती रंगवल्या होत्या ना.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं. निलंग्याकडचे, बोलायला गोड, कुणाच्या घरी आजारपण असलं की स्वतः जाऊन बसणारे. पण त्यांच्यासमोर कागदावर बोट ठेवलं की ते बोटाकडं बघायचे, कागदाकडं नाही. त्यात त्यांना दुसरा एक आकडा सापडला. हुलगेवाडीत जन्म कमी झाले होतेच, पण जे झाले त्यांत अडलेल्या बायांचं आणि दगावलेल्या बाळांचं प्रमाण एकदम वाढलेलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि निकाल लावून टाकला. काम थोडं, तेही धड नाही, म्हणजे तिथली नर्स उमादेवी बिनकामाची. तिला नदीकाठच्या केंद्रावर हलवायचं आणि हुलगेवाडीचं केंद्र बंद करायचं. महिनाअखेरच्या बैठकीत त्यावर सही व्हायची होती.

हे ऐकून पंचफुलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उमादेवीचं काम तिनं पाहिलेलं होतं. मागच्या साली हुलगेवाडीतल्या पारूबाईचं मूल आडवं आलं, तेव्हा उमादेवीनं तिला बाजेवर घालून सडकेपर्यंत आणलं, पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरला दमात घेतलं आणि उदगीरच्या दवाखान्यात पोचवलं. मूल गेलं, पारूबाई वाचली. ती पारूबाई आता पुन्हा गरोदर होती, पावसाळ्याच्या तोंडाशी तिचे दिवस भरणार होते. नर्स उचलली तर तिचं काय होईल, हे सांगायला मॉडेल लागत नव्हतं.

पण कचेरीत मॉडेलशिवाय बोलायची सोय नव्हती. तिनं भिंतीवरच्या नकाशाला टाचण्या टोचल्या. जन्म कमी पडलेल्या गावांना काळ्या, जास्त झालेल्या गावांना तांबड्या. माळ सगळा काळा झाला. जिथं विहिरींना अजून पाणी होतं त्या बाजूनं तांबडी रांग लागली आणि जिल्ह्याच्या शिवेवर जाऊन एकदम थांबली. थांबायला दुसरं काही कारण नव्हतं, नकाशाच तिथं संपत होता. पलीकडं नांदेड जिल्हा. तिनं तिकडं पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही तेव्हा एसटीनं धक्के खात स्वतःच देगलूरला गेली, आणि ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात वर्षभरात बाळंत झालेल्या बायांची सासरं कुठली, ते काढून आणलं. त्यांतल्या पुष्कळ माळावरच्या सुना निघाल्या.

पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी जाते हे कुणाला सांगायला नको, आणि तिच्या गणितात ते धरलेलं होतंच. दुसरं-तिसरं मात्र सासरी व्हायचं. दुष्काळानं हा रिवाज मोडला होता. जिथं घागरभर पाण्यासाठी टँकरच्या मागं पळावं लागतं तिथं बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालायचं? म्हणून ज्यांच्या माहेरी विहिरीत पाणी होतं त्या सगळ्या, तिसऱ्या खेपेच्या, चौथ्या खेपेच्या, उठून माहेरी गेल्या होत्या. लेकरं जन्मली होती, हुलगेवाडीच्या हिशेबात नव्हती एवढंच.

हे तिनं डॉक्टरांना सांगितलं, सोपं करून सांगितलं, आणि ते सोपं करण्याच्या नादात स्वतःचंच उदाहरण दिलं. मीच बघा ना सर, म्हणाली, मी राहते लातुरात, पण बाळंतपणाला हदगावला जाणार. भाऊ यायचाय न्यायला. माझं बाळ नांदेड जिल्ह्यात मोजलं जाईल आणि तुमच्या तक्त्यात मी म्हणजे कुटुंबनियोजनाचं यश. यावर रामकिशनसुद्धा हसला.

हदगावला जाण्याचं ती चार महिन्यांपासून सांगत होती. खरं म्हणजे तिकडून काही निरोप नव्हता. आई, कोंडाबाई, होती तोवर गोष्ट वेगळी होती. त्यांच्या घरी नागपंचमी पाळत नसत, पण भीमजयंतीच्या आधी आई न चुकता थोरल्याला, व्यंकटीला, लेकीला आणायला पाठवायची. आई गेली आणि दोन जयंत्या तशाच गेल्या. भांडण नव्हतं, वाटणी नव्हती, वहिनी तोंडानं वाईट नव्हती. बोलावणं येत नव्हतं एवढंच. तिनं पत्रात पोटाचं लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं की ऐकून आनंद झाला, तब्येतीला जप. कचेरीत काय, घरी काय, कुणी विचारलं की ती म्हणायची, भाऊ यायचाय, कामात आहे म्हणून वेळ लागतोय. साहेबराव हे ऐकायचा आणि गप्प बसायचा.

डॉक्टरांना एकदाची गोष्ट पटली आणि ते खूश झाले. खूश झाले की ते जास्त धोक्याचे होत. दुपारी त्यांनी परिपत्रकाचा मसुदाच लिहून आणला, की यापुढं प्रकल्पातल्या सर्व सुनांनी आपापल्या सासरीच बाळंत व्हावं, म्हणजे आकडे चुकणार नाहीत. पंचफुलेनं कपाळाला हात लावला. आकडा दुरुस्त करायचा सोडून हा माणूस बाया दुरुस्त करायला निघाला होता. तो कागद परत खिशात घालायला लावण्यात तिचे दोन दिवस गेले.

मग ते शांतपणानं म्हणाले की ठीक आहे, बाया माहेरी आहेत ना, तर नर्सही माहेराकडंच पाहिजे. बाळंतपणं जिथं होतात तिथं नर्स. हे बरोबर होतं. याचीच तर चीड यायची, की ते अर्धं बरोबर बोलायचे आणि उरलेल्या अर्ध्यात कुणाचा तरी जीव असायचा. तिनं पुन्हा सगळं पहिल्यापासून मांडलं.

“सर, ज्यांना जाण्यासारखं होतं त्या गेल्या. माळावर राहिल्या त्या कोण? ज्यांचे आईबाप मेले, ज्यांचं माहेर तुटलं, ज्यांना कुणी बोलवत नाही. दुखणं अंगावर काढणाऱ्या, उपाशी, शेवटच्या घडीपर्यंत खडी फोडणाऱ्या. म्हणून तिथं अडणाऱ्या बाया जास्त दिसतात. ती उमादेवीची चूक नाही. चांगल्या सांभाळलेल्या बाया निघून गेल्या आणि हिच्या वाट्याला फक्त अवघड बाळंतपणं राहिली.”

डॉक्टरांनी मान डोलवली. मग म्हणाले, अशा किती आहेत ते मला नावानिशी दाखवा. अंदाज नको. सही बैठकीत करायची आहे.

गणित नावं सांगत नाही. तो त्याचा धर्मच नाही. ते शंभरातल्या किती ते सांगतं, त्या कोणत्या ते नाही, आणि हे डॉक्टरांना समजावण्यापेक्षा उन्हात देवणीला जाणं सोपं होतं. साहेबराव म्हणाला, या पोटानं जाऊ नको. ती म्हणाली, पोट घेऊन कुठं तरी जायचंच आहे.

हुलगेवाडीत बाया एका जागी सापडतात ती जागा म्हणजे टँकरची. सकाळपासून वडाखाली घागरींची ओळ लागायची आणि ओळीच्या कडेनं बाया बसायच्या. उमादेवी बरोबर होती. तिनं आपली वळकटी बांधून ठेवलेली होती. हुकूम येणार हे तिच्या कानावर गेलं होतं. पंचफुलेनं ज्यांची पोटं दिसत होती त्यांना एकेकीला विचारलं, बाळंतपणाला कुठं जाणार?

सगळ्या माहेरी जाणार होत्या. एकजात सगळ्या. एकीचा भाऊ पुढच्या आठवड्यात यायचा होता, एकीच्या बापानं बैलगाडी पाठवतो म्हणून सांगितलं होतं, एकीची आई म्हणे आत्ताच ये म्हणून हट्ट धरून बसली होती. पंचफुला लिहीत गेली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकत गेली. बाळंतपणाला या गावात राहणारी बाई एकही नव्हती. म्हणजे इथं बाळंतपण एकही नाही, म्हणजे डॉक्टर बरोबर, म्हणजे तिचं सगळं मॉडेल आणि टाचण्या आणि देगलूरची वारी वाया. तिला या बायांचाच राग आला. तुमच्यासाठी मी लोकांशी भांडते आणि तुम्ही सगळ्या बोचकी बांधून निघालात, असं तिच्या अगदी तोंडावर आलं होतं.

पारूबाई ओळीच्या टोकाला बसली होती. पोट मोठं, हातापायांच्या काड्या. पंचफुलेनं तिलाही तेच विचारलं.

“म्या बी माहेरला जाणार की. देगलूरच्या पल्याड हाय माहेर. भाऊ यायचाय न्यायला. कामात हाय म्हून येळ लागून राहिला, न्हाईतर कवाच आला असता.”

पंचफुलेचा हात थांबला. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. परवाच तिनं ते रामकिशनला म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, असंच विचारणाऱ्याच्या तोंडाकडं न बघता. तिनं उमादेवीकडं पाहिलं. उमादेवी दुसरीकडं बघत होती. मागं बाजेवर घालून नेलं तेव्हाही हिच्या माहेराहून कुणी फिरकलं नव्हतं, हे पंचफुलेला आता आठवलं.

मग तिला स्वतःचाच राग आला, आणि तो या सगळ्यांपेक्षा मोठा होता. एवढी शिकलेली बाई, आणि चारचौघींत, घागरींच्या ओळीत, सगळ्या गावादेखत विचारते की तुला माहेर आहे का! नाही असं कोण म्हणणार? उपास घडला तर बाई सांगेल, नवऱ्यानं मारलं तरी एखादी सांगेल, पण मला न्यायला कुणी येत नाही हे कुणी सांगत नाही. पुढचं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून पुढचं हवं ते सांगता येतं. उद्याचा भाऊ सगळ्यांनाच असतो.

मागचा मात्र गावानं पाहिलेला असतो. भाऊ बहिणीला न्यायला आला तर तो शिवेवरूनच दिसतो, दारात चहा पितो, गाव त्याला कुठला पाहुणा म्हणून विचारतं. तिनं कागद उलटा केला आणि पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली. पुढचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, गेल्या पंचमीला तुला न्यायला कोण आलं होतं?

पहिली म्हणाली, माझा धाकला भाऊ, आन् शेजारणीनं लगेच साक्ष दिली की हाव, सायकलीवर आल्ता. दुसरी म्हणाली, बाप. तिसरी बोलली नाही. घागरीच्या काठावर बोट फिरवत राहिली, आणि शेजारच्या बायांपैकी कुणी तिच्यासाठी खोटं बोललं नाही, कुणी खरंही सांगितलं नाही. पंचफुलेनं तिच्या नावापुढं खूण केली आणि पुढं गेली. अशा न बोलणाऱ्या सात-आठ निघाल्या. पारूबाईला विचारायची वेळ आली तेव्हा ती आपणहून म्हणाली, बाई, माझं तं लिहूनच घ्या.

परत येताना एसटीत पंचफुलेला बरं वाटत नव्हतं. उत्तर मिळालं होतं, पण ते मिळवायला तिनं त्या बायांना भर चावडीत उघडं पाडलं होतं. हे काही नमुना पाहणीच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. प्रश्न चांगला होता, कारण त्यापुढं लपता येत नव्हतं. आणि नेमकं तेच त्यातलं वाईट होतं. खिडकीला डोकं टेकून ती नळेगावपर्यंत स्वतःशी भांडत आली.

बैठकीत डॉक्टर होते, रामकिशन होता, मुंबईहून आलेले एक पाहुणे अधिकारी होते, आणि भिंतीवर टाचण्यांचा नकाशा होता. पंचफुलेनं सगळं क्रमानं मांडलं. अपेक्षित जन्म, नोंदलेले जन्म, देगलूरची भर, माळावर राहणाऱ्यांचा अंदाज, आणि शेवटी पंचमीचा प्रश्न. तिची मांडणी चोख होती. तिला स्वतःला माहीत होतं की एवढी चोख मांडणी तिनं एम.एस्सी.च्या परीक्षेतही केली नव्हती. पाहुण्यांनी एकदा घड्याळ पाहिलं.

डॉक्टर म्हणाले की पहिल्या वेळी विचारलं तेव्हा सगळ्यांनी माहेरी जाणार असं सांगितलं ना? मग तेच खरं धरायला पाहिजे. पंचमीचा आणि बाळंतपणाचा काय संबंध? सणाला नाही बोलावलं म्हणून बाळंतपणाला बोलावणार नाहीत असं कसं? तिनं पुन्हा आकड्यांवर बोट ठेवलं. मागच्या वर्षी हुलगेवाडीत ज्या बाया सासरी बाळंत झाल्या त्यांचीही माहिती तिनं उमादेवीकडून काढली होती, आणि त्यांना पंचमीला न्यायला कुणी आलं नव्हतं, एखाददुसरी सोडली तर. डॉक्टर तिच्या बोटाकडं बघत होते. म्हणाले, बाई, हा तर्क झाला. बाया खोटं कशाला बोलतील? आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पंचफुला उठून उभी राहिली. तिला आणखी एक तक्ता दाखवता आला असता, तिच्या पिशवीत तो होता. पण ती आता थकली होती.

“खोटं बोलतात सर. मला माहीत आहे, कारण तेच खोटं मी या कचेरीत चार महिने बोलतेय. हदगावहून मला न्यायला कुणी येणार नाही. आई गेल्यापासून भाऊ आलेला नाही. यंदा भीमजयंतीलाही आला नाही. तरी तुम्ही विचारलंत तेव्हा मी काय सांगितलं? एम.एस्सी. झालेली बाई मी. मग पारूबाई घागरींच्या ओळीत काय सांगेल?”

रामकिशन टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडं ठेवत राहिला. डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं की मग बाळंतपण कुठं करणार?

“इथंच. लातुरात. माझ्या हाताशी दवाखाना आहे, सर. तिच्या हाताशी फक्त उमादेवी आहे.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. हुकमाचा कागद त्यांनी उभा फाडला, पुन्हा आडवा फाडला, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्यांना दोन लेकी होत्या, दोघी बिदरला दिलेल्या. हुलगेवाडीचं केंद्र चालू राहील, असं त्यांनी तिथल्या तिथं लिहून घ्यायला सांगितलं. पाहुण्यांनीसुद्धा घड्याळाकडं न बघता मान हलवली. मग डॉक्टर तिच्याजवळ आले आणि बाप लेकीशी बोलतो तशा आवाजात म्हणाले, “असं आधीच सांगायचं ना बाई. एवढे आकडे कशाला?”

ती जिंकली होती आणि तिला एखादी फाईल फेकून मारावीशी वाटत होती. नकाशा, टाचण्या, देगलूरपर्यंतचे धक्के, डोळे दुखेपर्यंत केलेले भागाकार, यातलं एक अक्षर कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. शिरलं ते तिचं रडगाणं. ज्या गोष्टीसाठी तिनं साहेबरावसमोरसुद्धा तोंड उघडलं नव्हतं ती गोष्ट आता मुंबईच्या पाहुण्यांना ठाऊक झाली होती, आणि त्या बदल्यात एक नर्स मिळाली होती. सौदा वाईट नव्हता. पण सौदा करायला लागावा याचा संताप तिला घरी जाऊन भाकरी थापतानाही आवरेना. साहेबरावनं विचारलं काय झालं, तर तिनं सगळं सांगितलं, हदगावचंही. तो म्हणाला, मला म्हाईत होतं. मग त्याच्यावरही ती चिडली, की माहीत होतं तर बोलला का नाहीस.

पारूबाई आषाढात बाळंत झाली. मूल पायाळू होतं, पण उमादेवीनं ते सुखरूप सोडवलं. मुलगी झाली, दोघी चांगल्या राहिल्या. पंचफुलेला त्याच्या थोडं आधी लातुरात मुलगा झाला होता. वॉर्डात शेजारच्या खाटांवर बायांच्या आया येऊन बसलेल्या असायच्या, हळदीचं दूध घेऊन, आणि तिच्या खाटेवर साहेबराव बसायचा, भलतंच दुपटं घेऊन. हदगावहून बाळाला झबलं आलं, पोस्टानं. ते तिनं घातलं. चांगलं बसलं.

दिवाळी होऊन महिना उलटल्यावर ती कामावर परतली. टेबलावर नवा हुकूम वाट बघत होता. औशाकडच्या एका केंद्रावर बाळंतपणं कमी झाली होती, नर्स हलवायची होती. तिनं आकडे पाहिले आणि तिच्या लगेच लक्षात आलं की इथली गोष्ट निराळी आहे. इथं माहेराचा काही संबंध नाही, इथली माणसं ऊसतोडीला गेलेली आहेत आणि फाल्गुनात परत येणार आहेत, तीही दिवस भरत आलेल्या बायांसकट. तिनं दोन दिवस बसून हिशेब केला, सुबक तक्ता काढला आणि डॉक्टरांसमोर ठेवला.

डॉक्टरांनी तक्ता बाजूला सरकवला, तिला खुर्ची दिली, चहा मागवला, बाळाची चौकशी केली. मग पुढं वाकून, अगदी आपुलकीनं, दार लोटलेलं आहे ना ते पाहून विचारलं, “बाई, यावेळी तसं काही आहे का सांगण्यासारखं?”

पंचफुलेनं बाजूला सरकवलेला तक्ता पुन्हा त्यांच्यासमोर ओढला. प्रकल्पाची केंद्रं पन्नासच्या वर होती, आणि तिला मेलेली आई एकच होती.